तापमापी

१२ नोव्हेंबर २०२४, भोर

शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली. एवढ्या काळात या गावाला नारायण मास्तरांची आठवण दोनदाच झाली. एकदा गणपतीतल्या निबंध स्पर्धेला परीक्षक मिळेना म्हणून, आणि दुसऱ्यांदा आज.

आज पुण्याहून एक बाई आल्या. बाई कसल्या, पोरगीच. नाव शेफाली, वय तिशीच्या आसपास, पायात पळायचे बूट. आरोग्य-संशोधन करणाऱ्या कुठल्याशा संस्थेत आहे. संस्था वेल्ह्याकडच्या पासलीला आणि आजूबाजूच्या वाड्यांना फिरता दवाखाना सुरू करणार आहे. एक गाडी, एक नर्स, दर बुधवारी. सहा महिने चालवून बघायचे. आधी लोकांची तब्येत मोजायची, मग पुन्हा मोजायची, जेवढी सुधारली तेवढ्याने खर्चाला भागायचे आणि गाडी परवडते की नाही ते ठरवायचे.

"म्हणजे किती रुपयांत किती तब्येत येते, ते," मी म्हणालो.

"एक्झॅक्टली, सर!" पोरगी खूश. मी टोमणा मारला होता, हे तिच्या गावीही नाही.

त्यांना प्रश्नावलीचे मराठी हवे आहे, आणि ती घेऊन वाड्यावस्त्यांवर हिंडणारा माणूस. आधीचे मराठी कुठल्या यंत्राकडून करून घेतले होते म्हणे. त्यात चिंतेच्या जागी ‘उत्सुकता’ छापले होते. म्हणजे खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारायचे, "आजोबा, आपण फार उत्सुक आहात का?" मी कपाळावर हात मारला आणि म्हणालो, द्या इकडे.

१६ नोव्हेंबर

अनुवाद झाला. मूळ मजकूर म्हणजे शब्दांचा पाऊस आणि अर्थाचा दुष्काळ. पाच प्रश्न: चालता येते का, आपले आपण आवरता येते का, रोजची कामे होतात का, दुखते का, काळजी वाटते का. आणि शेवटी एक चित्र. उभी नळी, खाली शून्य, वर शंभर, हुबेहूब थर्मामीटर. तब्येत उत्तम तर शंभर, अगदी वाईट तर शून्य. त्याखाली चार ओळींची सूचना. मी ती काढून टाकली. नळीच्या वरच्या टोकाला ‘सर्वोत्तम स्वास्थ्य’ आणि खालच्या टोकाला ‘निकृष्टतम स्वास्थ्य’ असे बारीक अक्षरांत घातले आणि प्रश्न केला एकच: "या तापमापीवर आज तुमचा आकडा किती?" आटोपशीर.

शेफालीला ‘हेल्थ स्केल’ हवे होते. मी म्हणालो, चित्र थर्मामीटरचे आहे, आणि थर्मामीटरला मराठीत तापमापी म्हणतात. भाषेला लाज वाटेल असे काही मी लिहिणार नाही.

"सर, आधी दहा जणांना विचारून बघू या का? ट्रायल म्हणून?"

माझ्या मराठीची ट्रायल! तेहेतीस वर्षे मराठी शिकवले. भोर तालुक्यातले अर्धे तलाठी आणि ग्रामसेवक माझ्या हातून शुद्धलेखन शिकून गेलेत. तसे बोलून दाखवल्यावर तिने ट्रायलचा विषय सोडला. ही मुलगी म्हणजे डोक्याला ताप आहे.

तरी तिच्या समाधानासाठी सुहासिनीवर प्रयोग केला. ती भाजी निवडत होती. पाचही प्रश्नांना "काही नाही" म्हणाली. तापमापी दाखवली तर म्हणते, "कसला ताप? मला कुठे काय ताप आहे? शून्य घाला. तापच मोजायचा तर तुम्ही घरी असता त्या दिवशी मोजा."

अडतीस वर्षांच्या संसारानंतर ही विनोदबुद्धी. मी तिच्या नावापुढे नव्वद लिहिले.

२७ नोव्हेंबर, पासलीहून परत

नसरापूरला उतरलो, तिथून वेल्हे, वेल्ह्याहून जीप. पासलीत भाताची झोडणी चालली होती, कुणाला बोलायला सवड नाही. एका दिवसात अकरा माणसे पदरात पडली. अकरांत एकाला धड उत्तर देता येईल तर शपथ.

नमुना पहिला, गेनू. पन्नाशीचा गडी, भाताचे पोते पाठीवर घेऊन चढ चढून आला आणि धाप लागलेली नाही. सगळ्या प्रश्नांना "काय न्हाई, बरं हाय." नळी पुढे केली.

"ह्ये काय?"

"तापमापी. तुमचा आकडा सांगा."

"ताप व्हय? आपल्याला कसला ताप आलाय? दोन लिवा. त्यो बी भावकीचा."

शंभरात दोन! बैलासारखा माणूस आणि स्वतःला मेल्यात जमा करतो. मोफत औषध मिळणार म्हटल्यावर रडगाणे सुरू, दुसरे काय. लिहिले दोन. नियम असा की माणूस जे सांगेल तेच लिहायचे, आपली अक्कल चालवायची नाही. शेफालीचे हे एक वाक्य मला पटले.

नमुना दुसरा, अंबूबाई. साठीच्या, एकट्या, घरासमोर दोन खाचरे. डाव्या पावलाला चिंधी गुंडाळलेली, तिच्यातून पिवळे पाणी येत होते. वास दारापर्यंत. शुगर आहे आणि जखम वर्षभर भरत नाही, हे गेनूने सांगितले. बाईंनी नाही. बाईंना विचारले, चालताना त्रास होतो का?

"न्हाई. बरं हाय."

काम होते का? "करावंच लागतंय की. बरं हाय."

दुखते का? "आता दुखलं तर कुणाला सांगावं? बरं हाय, मास्तर. च्या ठिवते."

नळीवर मात्र क्षणात बोट ठेवले. ऐंशी! पाय सडत चाललाय आणि तब्येत म्हणे शंभरात ऐंशी. याला समाधान म्हणावे की अडाणीपणा?

शेवटी ‘आणखी काही सांगायचे आहे का’ असा रकाना आहे. त्यात बाई म्हणाल्या, "गाडी पायजेल. येवढंच लिवा." मी लिहिले, ‘वाहनसेवा उपलब्ध झाल्यास उपकृत होऊ.’ शब्द त्यांचे, व्याकरण माझे.

१२ फेब्रुवारी २०२५

काही अर्जांवर अंगठे राहिले होते म्हणून गाडीबरोबर पासलीला गेलो. बंडू गाडी चालवतो आणि नर्स प्रेरणा मागे बसून पट्ट्या कापते. प्रेरणा किकवीची, बोलायला फटकळ. अंबूबाईंचा पाय मांडीवर घेऊन तासभर साफ करत होती. जखम निम्म्याने भरली आहे, असे तिचे म्हणणे.

"लावणीच्या आत पूर्ण मिटवते बगा मी," ती अंबूबाईंना म्हणाली. "पन एक बुधवार जरी चुकला ना, तरी पाय आपल्या हातात न्हाई. चिखलात उतरायचं न्हाई, सांगून ठेवते."

अंबूबाई माझ्याकडे बघून हसल्या. "मास्तर, ह्या पोरीनं पाय वाचिवला माजा."

वाचला की नाही ते एप्रिलमध्ये आकडा सांगेल, असे मी म्हणालो. प्रेरणाने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच कुठून तरी सडलो आहे.

२३ एप्रिल

दुसरी फेरी. कृतघ्नपणाचे प्रदर्शन.

अंबूबाई स्वतः चालत गाडीपर्यंत आल्या. जखम रुपयाच्या नाण्याएवढी उरली आहे, वास नाही, चिंधी नाही, पायात चप्पल. पाच प्रश्नांना तेच पाच "बरं हाय." तापमापी पुढे केली तर बोट खाली, पार खाली. "धा."

मी पुन्हा विचारले. "अंबूबाई, मागच्या वेळी ऐंशी होते."

"व्हय की! मागल्या टायमाला ऐंशी व्हतं. आता धा." आणि असे हसू, जणू मोठे बक्षीस मारले.

प्रेरणा बाजूला उभी होती. "मास्तर, दहा काय लिहिता? पाय बगा की त्यांचा!"

"मी पाय मोजत नाही, बाई. मी माणसाचे म्हणणे मोजतो. तसा नियम आहे."

"मग नियम मोजा," म्हणाली आणि गाडीचे दार आपटून आत गेली. हिला माझ्या वर्गात बसवायला हवे होते.

बाकीच्यांचेही तेच. खोकल्याने बेजार असलेला एक म्हातारा, साठावरून पंधरा. त्याचा शेजारी सावळाराम, सत्तरावरून वीस. पाच महिने दारात औषध मिळाले आणि सगळे एकजात ढासळले! गेनू तेवढा दोनावर ठाम. त्याचे रडगाणे तरी प्रामाणिक.

९ मे

शेफालीचा फोन. पाऊण तास.

"सर, आकडे उलटे दिसतायत. जखमा भरल्यात, शुगर उतरलीय, आणि लोक म्हणतायत तब्येत बिघडली. त्यांना प्रश्न नीट कळला होता ना?"

मी संतापलो. म्हणालो, प्रश्न शुद्ध मराठीत आहे, माणसेही मराठी आहेत, न कळायला काय झाले? आकडे उलटे नाहीत, माणसेच उलटी आहेत. मग तिला समजावून सांगितले. या लोकांना तक्रार करायची सवय नव्हती. तुम्ही दर बुधवारी जाऊन "कसं आहे, कुठं दुखतंय" विचारलेत, आणि कुरकुर करायची गोडी लावलीत. पूर्वी पाय सडत असताना ऐंशी म्हणत होते. आता नाजूक झाले.

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "हे इंटरेस्टिंग आहे, सर. लिहून देता का?"

दोन पाने लिहून दिली. मुद्देसूद झाली आहेत.

१३ जून

अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. सत्तेचाळिसाव्या पानावर माझे नाव: ‘स्थानिक तज्ज्ञ श्री. नारायण यांच्या निरीक्षणानुसार’ आणि खाली माझा परिच्छेद, एकही काना-मात्रा न हलवता. निष्कर्ष: फिरत्या दवाखान्यामुळे लोकांना जाणवणारे आरोग्य सुधारल्याचा पुरावा नाही, सबब खर्च समर्थनीय नाही. २५ जूनला शेवटची फेरी, त्यानंतर गाडी बंद.

सुहासिनीला ते पान दाखवले. तिने चष्मा लावून सगळे वाचले.

"त्या पायवाल्या बाईंचं काय होणार?" म्हणाली.

मी म्हणालो, शास्त्र एका पायावर चालत नाही. वाक्य चांगले जमले होते. ती उठून आत गेली.

१२ जुलै

बाजारात बंडू भेटला. आता कुणाचा तरी दुधाचा टेम्पो चालवतो. नमस्कार केला नाही. मीच विचारले, पासलीची काय खबर?

"लावणी चाललीया. अंबूबाई चिकलात हाय. दुसरं कोन लावनार तिची खाचरं? प्रेरणा दोन बुधवार आपल्या स्कूटीवर जाऊन आली, पन तिला नसरापुरात नवी नोकरी लागली. सुट्टी देईनात." मग टेम्पोत चढता चढता म्हणाला, "तुमचा आकडा पास झाला का, मास्तर?"

उद्धट. पण नंतर दिवसभर काही वाचवले नाही.

२२ ऑगस्ट

हे लिहायला बसलो तेव्हा चार ओळी लिहून खोडल्या. खोडायची सवय नाही मला.

संस्थेने सहभागाबद्दल आभारपत्रे पाठवली होती. मजकूर माझाच, सोनेरी किनार. ती वाटायला पासलीला गेलो. हो, मिरवायला गेलो. गेनू वाटेतच भेटला. म्हणाला, "बरं झालं आलात. अंबूबाईकडं चला." आवाज नेहमीचा नव्हता.

वास या वेळी रस्त्यापर्यंत होता. अंबूबाई आडव्या होत्या. पाऊल काळे पडलेले, सूज गुडघ्याच्या दिशेने. अंगात कणकण. मी आभारपत्राची गुंडाळी हातात धरून दारात उभा, लग्नाला आल्यासारखा.

मला बघून त्या उठायला लागल्या. "च्या ठिवा रं मास्तरास्नी," गेनूला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "त्यो तुमचा कागुद आनलाय का, मास्तर? आता लिवा. शंबर."

"शंभर? कसले शंभर, अंबूबाई?"

"ताप वं. तुमीच तर ताप मापत हुता न्हवं का? पयल्यांदा ऐंशी व्हता. पोरगी याया लागली तवा धा वर आला, निस्ता नावाला ताप ऱ्हायला व्हता. आता शंबर झाला बगा. त्याच्या वर आकडाच न्हाई तुमच्या नळीला."

गेनू म्हणाला, "मास्तर, बसा खाली. बसा."

मी बसलो. ताप. डोक्याला ताप, जिवाला ताप, भावकीचा ताप. सुहासिनी भाजी निवडत म्हणाली होती, मला कुठे काय ताप आहे, शून्य घाला. मी स्वतः सकाळ-संध्याकाळ हा शब्द तोंडात घोळवतो, शेफालीला तोच लावला होता, याच वहीत. पासलीतल्या प्रत्येक माणसाने मला अचूक, सरळ, खरे उत्तर दिले होते. गेनूला दोनाचा ताप होता, तो दोन म्हणाला. अंबूबाईंचा ऐंशीचा दहावर आला, त्या दहा म्हणाल्या आणि हसल्या. प्रश्न न कळलेला माणूस गावात एकच होता, आणि तो प्रश्न विचारत होता.

गेनूने जीप बोलावली. अंबूबाईंना दोघांनी उचलून आत ठेवले. पुण्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते. आभारपत्र त्यांच्या दारातच राहिले असावे.

२३ ऑगस्ट

शेफालीला फोन केला. सगळे सांगितले. एकदाही "परंतु" म्हणालो नाही.

ती रडली असे वाटते. मग म्हणाली, "सर, मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. तुम्ही विचारलं होतंत."

"मी पण ऐकून घ्यायला नको होतं." आणि मग हळू आवाजात, "आकडे उलटे केले तर ही गाडी आमच्या सगळ्या प्रकल्पांत सगळ्यात चांगली ठरते. सगळ्यात, सर."

विश्वस्तांना पत्र लिहिले. चूक अनुवादकाची आहे, संशोधिकेने शंका काढली होती, ती अनुवादकाने अहंकाराने उडवून लावली, असे स्पष्ट लिहिले. सुहासिनीने पत्र वाचले. मी म्हणालो, काही चुकले असेल तर सांग. तिने ‘अहंकाराने’ या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हा राहू द्या."

२६ ऑगस्ट

काल अंबूबाईंचा डावा पाय घोट्याच्या वर कापला.

मूर्ख. गाढव. तेहेतीस वर्षे मराठीचा मास्तर.

११ सप्टेंबर

विश्वस्तांचे उत्तर आले. अहवाल मागे घेतला. पण गाडी लगेच सुरू करता येत नाही, कारण आता पुरावाच नाही. नव्या प्रश्नावलीने नवी पाहणी, मग निर्णय. हे लोक आगीच्या बंबालाही आधी धूर मोजायला लावतील. पण मी कोणत्या तोंडाने बोलू?

नळी काढून टाकली. या वेळी शिडीचे चित्र घातले, दहा पायऱ्यांची. खालची पायरी म्हणजे तब्येत अगदी वाईट, वरची म्हणजे एकदम चांगली. शिडी घरोघर असते, चढणे म्हणजे बरे होणे हे पोराटोरांनाही कळते. सुहासिनीला आवडली. किकवीत आणि वरवे बुद्रुकला दहा-दहा जणांना विचारून पाहिली, आपणहून. बरोबर उत्तरे आली. जरा हायसे वाटले.

१७ सप्टेंबर, पासली

अंबूबाईंना घरी आणून आठवडा झाला. ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी गेनूने बनवलेली कुबडी. पहिला अर्ज त्यांचाच घ्यायचा, हे मी ठरवले होते. पाचही प्रश्न विचारले. चालताना त्रास होतो का, हे विचारताना मी नजर कागदावरच ठेवली.

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

मग मी ते चित्र पुढे केले. "अंबूबाई, ही शिडी. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात?"

त्यांनी चित्राकडे पाहिले. मग आपल्या पायाकडे. मग माझ्याकडे.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "म्या शिडी कशी चडू वं?"

आणि हसल्या. खदाखदा, तोंडाला पदर लावून. मला हसता येईना आणि रडताही येईना. मी तोंड वळवले, तर त्यांनीच माझ्या हातावर थोपटले.

"तुमचं आपलं कायतरी चुकतंयच बगा. जाऊ द्या. कागुद मिटवा. पयल्या टायमाला म्या गाडीचं येवढंच सांगितलं व्हतं, ते लिवलं न्हवतं का तुमी?"

"लिहिलं होतं."

"मग कुनी वाचलं न्हाई व्हय?"

त्यांना काय सांगू, की वाचण्यासारखे मी ते ठेवलेच नव्हते. शिडीवर काट मारली. शेवटच्या रकान्यावर आलो आणि म्हणालो, सांगा, पुन्हा सांगा. त्यांनी सावकाश सांगितले, मी वर्गात श्रुतलेखन सांगायचो तसे. मी तसेच्या तसे उतरवले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली, अंगठा उठवला. तो अर्ज विश्वस्तांना सगळ्यात वर लावून पाठवतो आहे, आणि या वेळी त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे.

त्यात लिहिले आहे, ‘गाडी पायजेल. माजा गेला, गावात आजून पाय हायेत.’

शुद्धलेखन तपासले नाही.